एका ‘ट’चा डोंगर

मला दोन्ही ‘ट’ ऐकू आले होते.

हे वाक्य मी आजपर्यंत कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. वाचणाऱ्याला त्यातून अजून काही कळायचं कारण नाही, पण आधी लिहून टाकतो. नाहीतर माझी सवय मला माहीत आहे: सगळा समुद्र सांगत बसेन आणि हे तेवढं राहून जाईल.

आपल्या बेंगळूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, “काका, यंदा तुमच्या कामाबद्दल लिहा. जड नको हं. तो बेटाचा किस्सा लिहा ना!”

बेटाचा किस्सा मंडळात सगळ्यांना पाठ आहे. कोजागिरीला दूध आटेपर्यंत कोणीतरी तो काढतंच. माझी बायको तर माझ्यापेक्षा रंगवून सांगते: “आमचे हे नवे नवे पुण्याहून आलेले. कन्नडचा गंध नाही. ऑफिसातल्या अक्का फोनवर म्हणाल्या, तिथे बेट्ट आहे. आता कन्नडमध्ये बेट्ट म्हणजे डोंगर. ह्यांनी ऐकलं बेट! तिथे तर बेट कुठलंच नाही, म्हणून ह्यांनी अख्खा डोंगर नकाशावरून पुसून टाकला!” मग हशा. मग कोणीतरी विचारतं, “काय हो, बेटावर नारळपाणी तरी मिळालं का?” मीही हसतो. इतकी वर्षं हसत आलो आहे.

किस्सा खरा आहे. त्यातला ‘ऐकलं बेट’ एवढाच भाग खोटा आहे.

आता आमचं काम काय, ते सांगायला हवं. बेंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचावर. समुद्र बघायचा तर रात्रभर प्रवास करून मंगळूर नाहीतर मद्रास गाठायचं. आणि आम्ही इथे, तेव्हाच्या विमानतळाजवळच्या एका इमारतीत बसून, समुद्राच्या तळाचे नकाशे करायचो आणि त्यावरून वाहणाऱ्या प्रवाहांची गणितं मांडायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवा असताना एका ऑटोवाल्याला मी ऐटीत हिंदीत सांगितलं, “सागर का ऑफिस जाना है.” त्याने मला नावात ‘सागर’ असलेल्या एका हॉटेलच्या दारात नेऊन उतरवलं. डोसा चांगला होता, पण ऑफिसला उशीर झाला.

तर समुद्राच्या पोटात डोंगर असतात. त्यांची शिखरं पाण्याबाहेर येत नाहीत, म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसत नाहीत. पण पाण्याला ते ठाऊक असतात. कुठल्याही दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात, जाऊन सांबारात बुडवलेला वडा मागवा. सांबार जास्त असेल तर वडा दिसत नाही. आता चमचा हळूच फिरवा आणि कढीपत्त्याच्या पानावर नजर ठेवा. सरळ निघालेलं पान एका जागी उगीचच वळतं. उगीच नाही; खाली वडा आहे. समुद्रातलं पाणी तसंच डोंगराला वळसा घालतं, थोडं त्याच्यावर चढतं, आणि सगळं जुळून आलं तर शिखराच्या डोक्यावर पाण्याची एक गरगरती टोपी बसते. ती जागची हलत नाही. खालचं थंड, सकस पाणी वर येतं आणि तिथे मासे जमतात.

पण हे गणितातून काढायचं तर वडा केवढा, हे आधी ठाऊक पाहिजे. डोंगर बुटका मांडला तर पाणी त्याच्यावरून सरळ निघून जातं, टोपी बसतच नाही. नको तेवढा रुंद मांडला तर वळसा भलतीकडेच. आणि चूक डोंगरापाशी थांबत नाही. एकदा वळण चुकलं की पुढे कितीतरी दूरपर्यंत प्रवाह चुकत जातो, आपण मात्र तो नीटनेटक्या बाणांनी काढून भिंतीवर लावतो.

खोली मोजायची रीत साधी. जहाज खाली आवाज सोडतं, तो तळावर आपटून परत येतो, लागलेल्या वेळावरून खोली. अडचण अशी की जहाजं आपापल्या वाटेने जातात, आमच्या सोयीने नाही. दोन वाटांच्या मध्ये बेंगळूर ते तुमकूर एवढं अंतर सहज असायचं. मधे काय आहे? दोन्ही टोकांना जे आहे तेच असणार, असं धरून चालायचं. त्या हिशेबाने वाटेतला शिवगंगेचा डोंगर नाहीच! अशा हिशेबांवर आमचा समुद्र उभा होता.

हे आकडे गोळा करून, पारखून, तळाचा नकाशा करायच्या त्या वत्सलाक्का. गणितातल्या एम.एस्सी., हुद्द्याने माझ्या दोन पायऱ्या वर, वयाने मावशी शोभतील अशा. मूळच्या इथल्याच, बेंगळुरातल्या बसवनगुडीच्या. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. त्यामुळे त्यांचं मराठी माझ्या मराठीहून जुनं. “काय करूलागलास रे?” असं त्या विचारायच्या, आणि मी, शहाणा, कपाळाला आठी घालून म्हणायचो, “अक्का, ‘काय करतो आहेस’ म्हणतात.”

“तुझं मराठी इस्त्रीचं आहे,” त्या एकदा म्हणाल्या. “आमचं नेसलेलं आहे. स्वल्प चुरगळणारच.”

त्या माझी फिरकी घ्यायच्या आणि त्यांना भांडवलही मीच दिलं होतं. बेंगळुरात आल्या आल्या मी खोली शोधायला इंदिरानगर सोडून थेट मारतहळ्ळीला गेलो होतो. नाव ऐकून मला वाटलं होतं, मराठ्यांची हळ्ळी, म्हणजे गाव, असणार, जेवणाची सोय होईल. तिथे तेव्हा धूळ होती, नारळाची झाडं होती आणि माझ्याकडे कुतूहलाने बघणाऱ्या म्हशी होत्या. अक्कांनी ही गोष्ट साऱ्या ऑफिसला सांगितली. पुढे कितीतरी दिवस त्या मला विचारायच्या, “काय रे, मराठा कोणी भेटला?” कन्नड शब्दात मराठी ऐकणारा पोरगा, अशी माझी ख्याती झाली. ही ख्याती पुढे माझ्या उपयोगी पडली.

मंगळूरचा एक मासळीचा व्यापारी कुठून तरी पत्ता काढून आमच्याकडे आला होता. त्याला कळलं होतं की समुद्रातल्या डोंगरांवर मासे असतात, आणि डोंगर आमच्याकडे असतात. दोन तास बसून राहिला. “नुसतं बोट ठेवून दाखवा,” म्हणे. अक्कांनी शांतपणे सांगितलं, “मासे आहेत हो. पण ते आमचे नकाशे वाचून जमत नाहीत.” तो गेल्यावर मला म्हणाल्या, “त्याला हसू नको. त्यानं समुद्र बघितलाय. आपण नाही.”

ही त्यांची दुखरी जागा होती. इतकी वर्षं तळ काढणाऱ्या बाईने समुद्र बघितलेला, तो किनाऱ्यावरून दिसतो तेवढाच. आणि त्या वर्षी एक संशोधन-जहाज नेमकं आमच्या भागात जाणार होतं. आमच्या गटाचे प्रमुख मूर्तीसर मोहिमेवर जायचेच, त्यांच्याखेरीज गटाला एक जागा होती. ती अक्कांची, असं सगळे धरून चालले होते. अक्कांनी उलटीवरच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या. पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले होते, आणि ते पायांत बसावेत म्हणून साडीखाली रोज घालून यायच्या. व्हरांड्यातून त्या आल्या की बुटांचा कच्चकच्च आवाज यायचा आणि कोणीतरी ओरडायचं, “जहाज आलं!”

“हसा,” त्या म्हणायच्या. “डेकवर तुम्ही घसराल, मी नाही.”

आता तो डोंगर.

त्या भागाच्या एका कोपऱ्यात, जुन्या सागरी नकाशावर, उथळ पाण्याचा एकच आकडा होता आणि त्याच्याशेजारी ‘शंकास्पद’ अशी खूण. अशा खुणा पुष्कळ असतात, कारण समुद्रात खोटे तळही असतात. बारीक जीवांचा दाट थर आवाज परत पाठवतो, यंत्राला वाटतं तळ आला. हा थर दिवसा खाली जातो आणि अंधार पडला की वर येतो. म्हणजे रोज संध्याकाळी उगवणारा डोंगर! एरवी असा एकटा आकडा आम्ही काढून टाकायचो. पण अक्कांनी आणखी एका जहाजाची नोंद शोधून काढली. वाट वेगळी, वेळ वेगळी, तरी तळ तिथेच वर आलेला. जीव वर-खाली होतात, दगड होत नाही. अक्कांनी आपल्या नकाशावर तिथे रंगीत पेन्सिलीने डोंगर काढला आणि आकडे संगणकात भरून मला दिले.

आणि माझं गणित फुटलं. ‘फुटणं’ हा आमच्या धंद्यातला शब्द. आकडे वाढत वाढत अनंताकडे जातात आणि संगणक हात वर करतो. उभे उतार आमच्या त्या वेळच्या गणिताला पचत नसत. पाणी अगदी स्थिर ठेवलं, वारा नाही, भरती नाही, तरी डोंगराभोवती प्रवाह धावायला लागायचे, नुसत्या गणिताच्या चावटपणाने. उपाय एकच: उतार थोडा सपाट करायचा. ह्याला आम्ही इस्त्री म्हणायचो. थोडी इस्त्री जगभर सगळेच करतात, त्यात पाप नाही. मूर्तीसर त्यांच्या नेहमीच्या सुरात म्हणायचे, “स्वल्प ॲडजस्ट माडी.” थोडं जमवून घे. स्वल्प म्हणजे किती, ते ज्याने त्याने आपल्या अब्रूप्रमाणे ठरवायचं.

मोहिमेची बैठक दुसऱ्या दिवशीवर आली होती. प्रवाह मोजायची यंत्रं कुठे सोडायची, हे तिथे ठरणार होतं. यंत्रं एका लांब तारेवर ओवलेली असतात. खाली वजनाला भंगारातली रेल्वेची चाकं, वर तरंगते गोळे. तार खोलीप्रमाणे आधीच कापून न्यावी लागते. म्हणून माझ्या गणिताची सगळे वाट बघत होते, आणि ते फुटत होतं. एकदा इस्त्री केली, फुटलं. दुसऱ्यांदा केली, फुटलं.

अक्का भाच्याच्या मुंजीसाठी तंजावरला गेल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीच्या आधी त्यांचा फोन आला. मागे सनई ऐकू येत होती.

“काय करूलागलास रे?”

“इस्त्री, अक्का.”

“किती केलीस?”

“स्वल्प.”

“तुझं स्वल्प मला ठाऊक आहे. ऐक, तिथे बेट्ट आहे. दोन जहाजांनी बघितलंय. ते काढून टाकू नको. हवं तर मुंडासं उतरव, डोकं ठेव.”

“बरं, अक्का.”

लाईन खरखरत होती, हे खरं. सनई वाजत होती, हेही खरं. पण बेट्ट हा शब्द मला नवा नव्हता. तो मला अक्कांनीच शिकवला होता. बेंगळुरात आल्यावर पहिल्याच महिन्यात मी मित्रांबरोबर नंदीला निघालो होतो, तेव्हा अक्कांनी घरून कॉफी भरलेला थर्मास आणून दिला होता. “नंदी बेट्टावर गारठा असतो,” म्हणाल्या. मी विचारलं, “बेट? नंदी बेटावर आहे?” त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. “बेट्ट रे, पुणेकर! दोन ट. बेट्ट म्हणजे डोंगर. तुमची पर्वती असते ना, तशी. मोठी झाल्यावर.”

तर फोनवर मला दोन्ही ट ऐकू आले. फोन ठेवला आणि जेवायच्या आधी मी अख्खा डोंगर काढून टाकला. आजूबाजूचा सपाट तळ ओढून भोक बुजवलं. गणित लोण्यासारखं चाललं.

बैठकीत माझे बाण पाहून सगळे खूश झाले. मूर्तीसरांनी मात्र भिंतीवरच्या अक्कांच्या नकाशावर बोट ठेवलं. इंग्रजीत म्हणाले, “वत्सलाने इथे काहीतरी काढलंय. तुझ्याकडे ते कुठाय?”

मी ‘डोंगर’ म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न होता, ‘मग काढून का टाकलास?’ त्याला उत्तर नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघालं, “सर, अक्का फोनवर म्हणाल्या, तिथे आयलंड आहे. नकाशांत तिथे कुठलंच बेट नाही. म्हणून मी तो आकडा चुकीचा धरला.”

“आयलंड?” मूर्तीसर म्हणाले. “वत्सलाला सुट्टीची गरज होती खरी.”

सगळे हसले. मीही हसलो. दोन जहाजांचं मी बोललो नाही. तार कितीची कापायची ते माझ्या खोलीवरून ठरलं. बैठक उठता उठता मूर्तीसर त्याच हसण्याच्या भरात म्हणाले, “आणि जहाजावर ह्याचंच नाव घाला. वत्सलाला इथूनच बेटं दिसतात, तिला जहाज कशाला?” ती थट्टा आहे असं मला वाटलं. संध्याकाळी यादी टाइप होऊन वर गेली तेव्हा कळलं की थट्टा नव्हती. मी तेव्हाही काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मलाही समुद्र बघायचा होता.

अक्का परत आल्या त्या दिवशी व्हरांड्यात बुटांचा आवाज आला आणि कोणीतरी ओरडलं, “अक्का, बेटावर नारळपाणी मिळतं का?” त्यांना आधी कळेना. मग कोणीतरी सांगितलं. त्या थेट मूर्तीसरांकडे गेल्या. दारातून त्यांचा आवाज ऐकू येत होता: “मी बेट्ट म्हणाले, सर! बेट्ट! मराठीत बेट म्हणजे आयलंड. पोरानं तेच ऐकलं.” आणि पाठोपाठ मूर्तीसरांचं गडगडाटी हसू. मारतहळ्ळीनंतर माझ्याबाबतीत कोणालाही काहीही पटलं असतं. चुकीचं ऐकणाऱ्या पुणेकराला बेंगळूर लगेच माफ करतं. मूर्तीसर म्हणाले, बेट्ट की बेट ते जहाज तिथे गेल्यावर कळेलच. यादी मात्र आता बदलता येणार नाही.

मग अक्का माझ्या टेबलापाशी आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “तू बेट ऐकलंस?”

आजूबाजूला कोणी नव्हतं. तेव्हा तरी सांगता आलं असतं.

“हो, अक्का.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आपला संगणकाकडे बघत होतो.

“सरी,” त्या म्हणाल्या. सरी म्हणजे बरं, ठीक.

दुसऱ्या दिवशी त्या चपला घालून आल्या.

उलटीवरच्या गोळ्या त्यांनी मला दिल्या. “तुला लागतील,” म्हणाल्या. लागल्या. जहाजावर पहिले तीन दिवस मी एका बादलीशी एकनिष्ठ होतो. चौथ्या दिवशी मूर्तीसरांनी मला ओढून खोली मोजणाऱ्या यंत्रापाशी नेलं. त्या यंत्राची सुई कागदावर रेघ जाळत जायची; खोलीत सतत करपल्याचा वास. रेघ बराच वेळ तळाशी आडवी पडून होती, माझ्या गणितात होती तशी, आज्ञाधारक. मग ती हलली. मला आधी वाटलं, मीच हललो. पण रेघ चढत होती. भर सकाळी, वर लख्ख ऊन, जिवांचा थर कधीच खाली गेलेला. रेघ चढतच राहिली, खांदा झाला, सुळका झाला, अगदी अक्कांनी पेन्सिलीने काढल्यासारखा. थोडा जास्तच उभा. शिखर पाण्याच्या बरंच खाली होतं, पण मी मांडलेल्या तळाच्या कितीतरी वर.

“बेट्ट!” मूर्तीसर टाळ्या वाजवत म्हणाले. “अय्यो, वत्सलाचं बेट्ट!” जहाजावर सगळ्यांना ती गोष्ट सांगितली गेली. कप्तानही हसला. मला कॉफी मिळाली. आणि डेकवर, रेल्वेच्या चाकांशेजारी, माझ्या खोलीच्या मापाने कापलेली तार वेटोळं करून पडली होती. त्या पाण्यात सोडली असती तर यंत्रं वर येऊन लाटांत लोळली असती. नव्याने कापायला, जोडायला वेळ नव्हता. जहाजाचा प्रत्येक तास ठरलेला असतो. शेवटी ती आम्ही लांब, डोंगराच्या पायथ्याच्याही पलीकडे, सपाट तळावर सोडली. पुढच्या मोसमात यंत्रं परत आली. त्यांनी मोजलेला प्रवाह शांत, सरळ, सुस्वभावी होता. डोंगरावर काय चालतं, त्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

बेंगळुरात परतल्यावर मी आणि अक्कांनी गणित तीन प्रकारांनी केलं. डोंगर नसताना प्रवाह सरळ जातो. इस्त्रीचा डोंगर घातला की थोडा वाकतो. खरा डोंगर घातला (तो पचवायला अक्कांनी गणितासाठी समुद्राचे पाडलेले चौकोन बारीक करून घेतले आणि मला कित्येक आठवडे राबवलं) की शिखरावर टोपी बसते आणि पुढचा सगळा प्रवाहच दुसऱ्या बाजूला सरकतो. टोपी खरी की गणिताचा चावटपणा? ते ठरवायला तिथे मोजलेलं काही पाहिजे होतं. ते नव्हतं. पुढे उपग्रहांवरून तळाचा अंदाज बांधता येऊ लागला तेव्हा त्या जागी एक धुरकट टेंगूळ दिसलं. डोंगर आहे, एवढं जगाने मान्य केलं. पण त्याच्या डोक्यावरच्या पाण्याबद्दल आम्ही अजूनही ‘असावे’ लिहितो. त्या ‘असावे’तला प्रत्येक काना-मात्रा माझा आहे.

पुढच्या मोहिमेला अक्कांचं नाव पहिलं होतं. वैद्यकीय तपासणीत रक्तदाब निघाला, डॉक्टरांनी सही केली नाही. त्याच्या पुढच्या मोहिमेपर्यंत त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात मूर्तीसरांनी बेटाचा किस्सा सांगितला. अक्का हसल्या. मी तर सगळ्यात मोठ्याने हसलो.

ह्या अंकासाठी लिहायचं ठरल्यावर मी त्यांना विचारायला गेलो. आता त्या मुलाकडे एचएसआर लेआउटला असतात, नवव्या मजल्यावर. म्हणजे समुद्रसपाटीपासून आणखी वर. दार त्यांनीच उघडलं. ऐकायला कमी येतं, बाकी तब्येत खणखणीत.

“अक्का, दिवाळी अंकात बेटाचा किस्सा लिहू का?”

“लिही की. सगळ्यांना आवडतो तो.” मग कॉफीचा डबरा, ती पेल्याखालची पसरट वाटी, पुढे सरकवत म्हणाल्या, “माझा थर्मास कुठाय रे?”

“कुठला थर्मास, अक्का?”

“लाल. नंदी बेट्टाला नेलेलास तो. तू नवा होतास. जहाजाच्या कितीतरी आधी.”

नंदीच्या पायऱ्यांवरच तो माझ्या हातून पडला होता. बाहेरून लाल, धडधाकट, आत काचेचा चुरा. त्या वेळी अक्कांनी दोनदा विचारलं, मी दोनदा ‘विसरलो, उद्या आणतो’ म्हणालो. मग त्यांनी विचारणं सोडून दिलं. आणि आज, इतक्या वर्षांनी, त्या मला थर्मास विचारत नव्हत्या; तो हातात देतानाच त्यांनी मला बेट्ट शिकवलं होतं.

“फुटला, अक्का,” मी म्हणालो.

“फुटला असणार, हे तेव्हाच कळलं होतं. तू कधी सांगतोस ते बघूलागले होते.”

“स्वल्प उशीर झाला.”

“तुझं स्वल्प मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या, आणि ओंजळीतल्या शेंगदाण्यांची सालं फुंकत राहिल्या.

पुढचं मला त्यांच्यासमोर बोलता आलं नाही. म्हणून इथे लिहिलं आहे. संपादकबाईंनी हलकंफुलकं मागितलं होतं, त्यांनी माफ करावं. मंडळींना विनंती की पुढच्या कोजागिरीला किस्सा सांगायचा तर आता असा सांगावा: पोराला नीट ऐकू आलं होतं. बायकोला मी हा मजकूर छापून आल्यावरच दाखवणार आहे. माझा धीर अजून एवढाच आहे.

काचेचे थर्मास आता सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून एक स्टीलचा घेतला आहे. तो आणि हा अंक, दोन्ही घेऊन नवव्या मजल्यावर जाईन. थर्मास तेवढा फिटेल. जहाजावरची ती जागा वत्सलाक्कांची होती. मी ती खोटं बोलून घेतली, आणि ती मी अजून त्यांचं देणं लागतो.